मिरवणुकीसाठी ज्या टेबलाशी बसता, तिथे माणसांसाठीही बसा

इंग्लंडमधल्या सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र गणेशोत्सवाच्या वर्गणीबद्दल नाही आणि मराठी शाळेच्या जागेबद्दलही नाही. आपल्यातल्या काही घरांवर रात्री अंडी फेकली जातात. दारातल्या पत्रांच्या फटीतून पेटता फटाका आत टाकला जातो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा संध्याकाळी फिरायला निघाले की पोरांचं टोळकं मागे लागून शिव्या देतं. शेजारच्या फ्लॅटमधला गोंगाट आठवड्यातून चार रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालतो. आणि ही सगळी घरं गप्प बसतात. त्या गप्प बसण्याबद्दल हे पत्र आहे.

मी एका हाउसिंग असोसिएशनमध्ये, म्हणजे सामाजिक भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेत, नोकरी करते. भाडेकरूंच्या तक्रारी, शेजाऱ्यांचे तंटे, जिन्यात चालणारा अमली पदार्थांचा धंदा, हे सगळं माझ्या टेबलावर येतं. इथल्या सरकारी भाषेत याला अँटी-सोशल बिहेविअर म्हणतात, कामावर आम्ही नुसतं एएसबी म्हणतो. दर महिन्याला काउन्सिलचे (इथल्या स्थानिक पालिकेचे) अधिकारी, पोलीस, आमच्यासारखे घरमालक, कधी शाळेचं कोणी, कधी मानसिक आरोग्य सेवेतलं कोणी, असे आम्ही एकत्र बसतो आणि एकेक पत्ता घेऊन बोलतो. त्या यादीत गोऱ्या इंग्रजांची घरं असतात, सोमाली असतात, पोलिश असतात, बांगलादेशी असतात. मराठी आडनाव जवळजवळ दिसतच नाही. मग कोजागिरीला किंवा हळदीकुंकवाला मंडळात यावं, तर चहाचा कप हातात पडेपर्यंत दोन-तीन जणी तरी सांगतात, "अगं, आमच्याकडे काय चाललंय माहितीये का?" ते ऐकलं की कळतं, यादीत नाव नाही म्हणजे त्रास नाही असं नव्हे. त्रास आहे, त्याची नोंद नाही.

नोंद नसली तर या देशात काय होतं, ते सांगण्याआधी आम्ही सगळे ज्या टेबलाशी दर महिन्याला एकत्र बसतो, त्याची हकीकत थोडक्यात सांगते. कारण ते कोणाच्या मेहेरबानीने मांडलेलं नाही.

१९९८ चा क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्ट येईपर्यंत गुन्हा म्हणजे पोलिसांचं काम आणि कचरा, दिवे, घरं, बागा म्हणजे काउन्सिलचं काम अशी सरळ वाटणी होती. या कायद्याने ती मोडली. काउन्सिल आणि पोलीस यांनी आपल्या भागातली गुन्हेगारी आणि उपद्रव यांवर एकत्र योजना करायची, हे बंधनकारक झालं. पुढे त्यात अग्निशमन दल, आरोग्य सेवा आणि प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर देखरेख ठेवणारी सेवा) आले. यालाच आता कम्युनिटी सेफ्टी पार्टनरशिप म्हणतात आणि इंग्लंडमध्ये तुम्ही कुठेही राहत असलात तरी तुमच्या भागासाठी अशी एक पार्टनरशिप आहे. याच कायद्याचं सतरावं कलम सांगतं, की काउन्सिलने आपलं कुठलंही काम करताना, म्हणजे दिव्याचा खांब लावताना किंवा उद्यानाचं फाटक कधी बंद करायचं हे ठरवतानासुद्धा, त्याचा गुन्ह्यांवर आणि उपद्रवावर काय परिणाम होईल याचा विचार केला पाहिजे. एकशे पंधरावं कलम या संस्थांना एकमेकांना माहिती देण्याची मुभा देतं. वंशद्वेषातून केलेल्या मारहाणीला, नासधुशीला, छळाला जास्त शिक्षा देणारे गुन्हेही याच कायद्यात आले. शेजाऱ्याचा उपद्रव आणि कातडीच्या रंगावरून होणारा उपद्रव या दोन्हींची दखल एकाच कायद्याने घेतली, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

कायदा झाला म्हणून टेबलाशी बसलेल्यांना दिसायला लागलं, असं मात्र झालं नाही. लेस्टरशरमधल्या बारवेल गावात फिओना पिल्किंग्टन नावाची आई राहत होती. मुलीला गंभीर स्वरूपाचं बौद्धिक अपंगत्व होतं. आसपासची पोरं वर्षानुवर्षं त्या घराला लक्ष्य करत राहिली. त्या बाईने दहा वर्षांत ३३ वेळा पोलिसांना कळवलं. प्रत्येक फोन म्हणजे एक वेगळी किरकोळ घटना, असंच धरलं गेलं. ऑक्टोबर २००७ मध्ये तिने मुलीसह आपलं आयुष्य संपवलं. २००९ च्या इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत, ज्युरीने स्पष्ट सांगितलं, की पोलीस, जिल्ह्याचं काउन्सिल आणि काउंटी काउन्सिल यांच्या ढिलाईचा या मृत्यूत वाटा होता. तिघांकडे तिची माहिती होती, पण ती एकत्र ठेवून कोणी वाचली नाही.

दुसरं प्रकरण आपल्याला आणखी जवळचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बिजान इब्राहिमी इराणमधून निर्वासित म्हणून आलेला अपंग माणूस. ब्रिस्टलमध्ये काउन्सिलच्या घरात एकटा राहायचा, फुलझाडांची आवड. शेजारपाजारचे लोक त्याला वंशावरून शिव्या द्यायचे, झाडांची नासधूस करायचे, धमक्या द्यायचे. २००७ ते २०१३ या काळात त्याने पोलिसांना ८५ वेळा फोन केला आणि त्यांतल्या किमान ४० वेळा पोलिसांनी गुन्ह्याची नोंदच केली नाही. पुरावा हवा म्हणून तो त्रासाचं चित्रण करू लागला. त्यावरून शेजाऱ्यांनी उठवलं, की हा लहान मुलांचे फोटो काढतो. ११ जुलै २०१३ ला पोलीस आले आणि त्यालाच अटक करून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सोडल्यावर तो पुन्हा पुन्हा पोलिसांना फोन करून मदत मागत राहिला. १४ जुलैला शेजाऱ्याने त्याला ठार मारलं आणि मृतदेह पेटवला. पुढे एका पोलीस शिपायाला आणि एका कम्युनिटी सपोर्ट ऑफिसरला (पोलिसांच्या मदतनीस कर्मचाऱ्याला) कर्तव्यात कसूर केल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. २०१७ साली ब्रिस्टलच्या पार्टनरशिपनेच करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल आला. पोलीस आणि काउन्सिल दोघांच्याही वागण्यात संस्थात्मक वंशभेद दिसतो, असं त्यात म्हटलं होतं. वर्षानुवर्षं या माणसाला पीडित मानण्याऐवजी कटकट्या, खोटारडा, तोच भांडण उकरून काढणारा, असं धरलं गेलं.

हे वाचून तुमच्यातलं कोणी म्हणेल, इतके फोन करूनही तो मेला, मग आम्ही फोन करून काय होणार? मला हाच प्रश्न मंडळात विचारला गेला आहे आणि मी त्याचं गंभीरपणे उत्तर देते. इब्राहिमी एकटा होता. त्याच्या बाजूने टेबलाशी बसणारं कोणी नव्हतं. त्याच्यासोबत कार्यालयात जाऊन "हा माणूस खरं सांगतोय, आम्ही याला ओळखतो" असं म्हणणारी एखादी संघटना नव्हती. तुमच्याकडे ती आहे. १९३२ सालापासून लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, आज गावोगावी मंडळं आहेत, त्यांच्या समित्या आहेत, बँकेत खाती आहेत, ढोल-ताशा पथकं आहेत. इतकी बांधणी असलेल्या समाजातल्या माणसाने रात्री एकट्याने खिडकीचा पडदा सरकवून बाहेर बघत बसावं, हे मला पटत नाही.

पिल्किंग्टनसारख्या प्रकरणांनंतर या देशाने एक चांगली गोष्ट केली. २०१२ मध्ये मँचेस्टर, ब्रायटन अशा काही ठिकाणी तिचा प्रयोग झाला आणि २०१४ च्या अँटी-सोशल बिहेविअर, क्राइम अँड पोलिसिंग ॲक्टमध्ये ती इंग्लंड आणि वेल्ससाठी कायद्यात आली. तेव्हा नाव होतं कम्युनिटी ट्रिगर, आता एएसबी केस रिव्ह्यू. तुम्ही तक्रारी केल्या, पण प्रश्न सुटला नाही, तर तुम्ही अर्ज करू शकता. ठरलेली अट पूर्ण होत असेल तर काउन्सिल, पोलीस, आरोग्य सेवा आणि घर सामाजिक भाड्याचं असेल तर हाउसिंग असोसिएशन, या सगळ्यांना आपापल्या फायली घेऊन तुमच्या प्रकरणासाठी एकत्र बसावंच लागतं. कोणी काय केलं, काय राहिलं आणि आता कोण काय करणार, हे ठरवून तुम्हाला कळवावं लागतं. अट प्रत्येक भागात थोडी वेगळी असते, पण सरकारचं मार्गदर्शन सांगतं, की सहा महिन्यांत तीन तक्रारींपेक्षा जास्त मागता येणार नाहीत. तक्रार घटनेपासून महिन्याभरात केलेली हवी, आणि अर्ज त्या तक्रारीपासून सहा महिन्यांच्या आत.

या वाक्यावर थोडं थांबा: अर्ज पीडिताने स्वतःच करायला हवा असं नाही. त्याच्या संमतीने नातेवाईक करू शकतो, मित्र करू शकतो, नगरसेवक किंवा खासदार करू शकतो. मंडळाचा कार्यवाहही करू शकतो. ज्या सत्तर वर्षांच्या बाईंना इंग्रजीत फोनवर बोलायची भीती वाटते, त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने, तुम्ही तो अर्ज भरू शकता.

लोकांना हे माहीतच नसतं, आणि ते फक्त आपल्याच लोकांचं नाही. २०१९ साली तेव्हाच्या व्हिक्टिम्स कमिशनर (गुन्ह्यातल्या पीडितांची बाजू मांडणाऱ्या आयुक्त) बॅरोनेस न्यूलव यांनी आपल्या अहवालात हेच दुखणं मांडलं होतं, की ज्यांच्यासाठी हा ट्रिगर केला त्यांच्यापर्यंत त्याची माहितीच पोचत नाही. त्यांचे पती २००७ मध्ये वॉरिंग्टनला घराबाहेर नासधूस करणाऱ्या पोरांना हटकायला गेले आणि त्या मारहाणीत मेले. त्या बाईंनी हा विषय पुस्तकात वाचला नव्हता. किती अर्ज आले, किती नाकारले, किती रिव्ह्यू झाले, हे आकडे प्रसिद्ध करणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या काउन्सिलच्या भागातले आकडे एकदा काढून बघा. कित्येक ठिकाणी ते इतके लहान असतात की अर्ज करणारं कोणी आहे की नाही असा प्रश्न पडतो.

आता आपल्या गप्प बसण्याची कारणं. ती मी खोटी मानत नाही. प्रत्येकामागे भीती आहे आणि प्रत्येकाला उत्तर आहे.

व्हिसाची भीती सगळ्यात मोठी. स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, अजून आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) व्हायचंय, पोलिसांत नाव कशाला जाऊ द्यायचं? आयएलआरच्या अर्जात तुम्हाला झालेल्या शिक्षा विचारतात, तुम्ही केलेल्या तक्रारी नाहीत. पीडित म्हणून नाव नोंदवल्याने तुमच्या अर्जाला धक्का लागत नाही.

दुसरं कारण घर विकण्याचं, आणि हे शिकलेली, आयटीतली मंडळी मला हळू आवाजात सांगतात. घर विकताना टीए६ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात शेजाऱ्यांशी काही वाद किंवा तक्रारी झाल्या का, हे विचारलेलं असतं. तक्रार केली तर ती लिहावी लागेल, किंमत पडेल. हे खरं आहे. पण तोच फॉर्म पुढे हेही विचारतो, की वाद होऊ शकेल असं काही तुम्हाला माहीत आहे का. म्हणजे तक्रार न करताही तुम्ही सुटत नाही. खरं उत्तर दिलं तर त्रास लिहावाच लागेल, आणि लपवला तर नवा मालक तुमच्यावर दावा लावू शकतो. तक्रार केली, त्यावर कारवाई झाली आणि प्रकार थांबला, तर लिहायला निदान शेवट तरी असतो.

तिसरं कारण मुलांचं. ज्या पोराने दगड मारला तो आपल्या मुलाच्या शाळेत दोन वर्षं पुढे आहे. या भीतीपुढे मी कोणाला धाडसाचे डोस पाजणार नाही. इतकंच सांगते, की शाळासुद्धा त्या टेबलाशी येऊ शकते, आणि तक्रार नोंदवताना "आमच्या नावाने दाराशी येऊ नका, आधी फोन करा" असं सांगता येतं. बरेच अधिकारी ते पाळतात. न पाळणाऱ्याची तक्रार करता येते.

आणि चौथं, जे कोणी मोठ्याने बोलत नाही. आपण परके, आपण पाहुणे, पाहुण्याने घराच्या रीतीबद्दल कुरकुर करू नये. हे मला खरोखर टोचतं. तुम्ही काउन्सिल टॅक्स भरता. दोन-दोन दशकं इथे राहून, इथल्या हॉस्पिटलांत नाइट ड्यूट्या करून, इथे मुलं वाढवून, कोणाचे पाहुणे आहोत आपण?

आता नोंदीबद्दल, कारण माझ्या नोकरीतलं सगळं ज्ञान शेवटी इथेच येऊन ठेपतं. टेबलाशी बसल्यावर पोलिसांच्या हातात घटनेचा क्रमांक असतो, काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य अधिकाऱ्याकडे आवाजाच्या नोंदी असतात, आमच्याकडे भाडेकराराची फाइल असते, जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, झोपेच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन असतं. या चारही गोष्टी एका घराबद्दल आहेत हे तेव्हाच कळतं, जेव्हा त्या घराने प्रत्येक ठिकाणी कळवलेलं असतं आणि प्रत्येक ठिकाणी "मी तिकडेही कळवलंय" हे सांगितलेलं असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेलं कोणाच्याच फायलीत जात नाही. रागाने तीन पानांची ईमेल लिहून पाठवली की माझ्यासारखीला त्यातून घटना शोधून काढाव्या लागतात. त्याऐवजी साधी वही करा. तारीख, सुरू कधी झालं, संपलं कधी, काय झालं, कोणी पाहिलं, तुमच्यावर काय परिणाम झाला. "रात्री १ वाजून १० मिनिटांनी सुरू, ३ ला बंद, मुलगी उठून रडली, सकाळची शिफ्ट चुकली." अशी एक ओळ माझ्या हातात पडली तर तिचा मी उपयोग करू शकते. "रोज त्रास देतात" या वाक्याचा मला काहीही उपयोग नाही, कितीही खरं असलं तरी.

जिवाला धोका किंवा गुन्हा चालू असेल तर ९९९. नसेल तर १०१ किंवा पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म, आणि क्रमांक मागून घ्या. आवाजासाठी काउन्सिलचं पर्यावरण आरोग्य खातं. १९९० च्या एन्व्हायरन्मेंटल प्रोटेक्शन ॲक्टखाली तक्रार आली की तपास करणं त्यांना टाळता येत नाही, मग घर तुमच्या मालकीचं असो, खासगी भाड्याचं असो की काउन्सिलचं. बऱ्याच ठिकाणी आवाज रेकॉर्ड करायला ॲप देतात. शिवी वंशावरून, धर्मावरून असेल तर ती तशीच्या तशी, शब्दन् शब्द सांगा. त्या शब्दाची लाज तुम्हाला वाटायचं कारण नाही. स्टीफन लॉरेन्स या वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या चौकशीनंतर, १९९९ पासून इथे तत्त्व हे आहे, की पीडिताला किंवा इतर कोणालाही घटना वंशद्वेषाची वाटली तर ती तशी नोंदवायची. अधिकाऱ्याला तसं वाटलं पाहिजे, ही अट नाही. आपले लोक नेमकी हीच गोष्ट गाळतात. "पोरं आहेत, मस्ती करतात" म्हणून सांगतात आणि मग नोंद मस्तीचीच होते.

एवढं झालं की अधिकारांची कमतरता नाही. ताकीद देणारं पत्र, वागणुकीचा लेखी करार, कम्युनिटी प्रोटेक्शन नोटिस (उपद्रव थांबवा अशी कायदेशीर नोटिस), कोर्टाचा मनाई हुकूम, अड्डा झालेलं घर काही महिन्यांसाठी बंद करायचा क्लोजर ऑर्डर, शेवटी घर रिकामं करून घेणं. हे सगळं आमच्याकडे आहे आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच काम होतं.

आता तुमच्याशी, मंडळ म्हणून.

ज्यांनी विसर्जनाची मिरवणूक रस्त्यावरून काढली आहे, ते काउन्सिलच्या सेफ्टी ॲडव्हायजरी ग्रुपसमोर बसून आले आहेत. तिथे कोण असतं? काउन्सिल, पोलीस, अग्निशमन दल, ॲम्ब्युलन्स. रस्ता कधी बंद करायचा, स्वयंसेवक किती, ढोल कुठल्या चौकात थांबवायचे, पहिल्या बैठकीत किती प्रश्न विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि दुसऱ्या वर्षी तेच अधिकारी तुम्हाला नावाने हाक मारतात, हेही ठाऊक आहे. हॉलच्या कार्यक्रमासाठी टेम्पररी इव्हेंट नोटिस (तात्पुरत्या कार्यक्रमाची काउन्सिलला द्यायची सूचना) दहा कामाचे दिवस आधी द्यायची असते, हे तुमच्या खजिनदाराला पाठ असतं. म्हणजे अनेक संस्थांना एकत्र धरून काम करून घेण्याची विद्या तुमच्याकडे आहे. ती वर्षातून एकदा, बाप्पासाठी वापरता. मी म्हणते, तीच वर्षभर आपल्या माणसांसाठी वापरा.

प्रत्येक मंडळाने एक व्यक्ती नेमावी, शक्यतो दोघं, त्यांत एक बाई. त्यांचं काम तंटे सोडवायचं नाही. कोणी त्रास सांगितला की वही करून घेणं, कुठे कळवायचं ते सांगणं, गरज पडली तर सोबत जाणं, आणि तीन तक्रारी होऊनही काही हललं नाही तर केस रिव्ह्यूचा अर्ज भरून देणं, एवढंच. तुमच्या वॉर्डाच्या पोलीस पथकाची स्थानिक बैठक ठरावीक काळाने होते. ती घेणं त्यांना कायद्याने भाग आहे, आणि मी पाहिलंय, तिथे कित्येकदा पाच-सहा माणसं असतात. त्या दिवशी तिथे आपल्यातले दोघं असले, तर पुढच्या तीन महिन्यांत कुठे गस्त घालायची या यादीत आपली गल्ली येऊ शकते. नगरसेवकाला फक्त दिवाळीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळासाठी बोलावू नका. त्यांच्या सर्जरीला, म्हणजे लोकांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेला जा, वही घेऊन जा.

दोन गोष्टी मला आणखी सांगायच्या आहेत आणि त्या तुम्हाला कदाचित आवडणार नाहीत.

पहिली आपल्या आवाजाची. फटाके रात्री ११ नंतर उडवायला इथे बंदी आहे. दिवाळीच्या रात्री कायद्याने ती १ वाजेपर्यंत सैल केली आहे. ती सवलत एका रात्रीची आहे, धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतची नाही. फ्लॅटमध्ये लाकडी जमिनीवर पंधरा मुलांचा वाढदिवस झाला, की खालच्या मजल्यावरची बाई माझ्याकडे फोन करते आणि तिचं ऐकणं हेही माझं काम आहे. आधी दारावर जाऊन सांगितलं, नंबर दिला, वेळ सांगितली आणि ती पाळली, तर दहांतल्या नऊ तक्रारी येतच नाहीत. ज्या शेजारणीला आपण करंजीचं ताट दिलं आणि कार्यक्रम कधी संपेल ते सांगितलं, ती पुढे आपल्या घरावर अंडी पडताना पाहिल्याची साक्ष देते. हे मी घडताना पाहिलेलं आहे.

दुसरी त्या पोरांची. बस स्टॉपवर चार मुलं हुडी घालून उभी आहेत, हा उपद्रव नाही. ती गोरी असोत, काळी असोत, आपलीच असोत. आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर "सस्पिशस युथ" म्हणून फोटो टाकतात ते मला पाहवत नाही. नोंदवायचं ते कृत्य, माणसाचं दिसणं नव्हे. आणि खरोखर त्रास देणारी पोरंही बहुतेकदा चौदा-पंधरा वर्षांची असतात. २०१० नंतर काउन्सिलांनी युथ क्लब बंद केले, युथ वर्कर काढले. पूर्वी आमच्या टेबलाशी एक माणूस असायचा जो त्या पोरांना नावाने ओळखायचा, त्यांच्या आयांना ओळखायचा. आता कित्येक ठिकाणी ती खुर्ची रिकामी असते, आणि मग नोटिशीशिवाय बोलायला काही उरत नाही. म्हणून पार्टनरशिपपुढे जाल तेव्हा जास्त पोलीस हवेत एवढंच मागू नका. युथ वर्कर परत द्या, उद्यानाचे दिवे लावा, हेही मागा. ही मागणी शेजारच्या मशिदीची समिती, चर्च, गुरुद्वारा यांच्यासोबत केली तर जास्त ऐकली जाते, कारण पैसा एकाच खिशातून यायचा असतो आणि एकेकट्याने मागितला की एकमेकांविरुद्ध मागितल्यासारखा होतो.

स्कॉटलंडमधल्या मंडळांनी हे पत्र वाचलं तर तिथला कायदा वेगळा आहे, हे ध्यानात घ्यावं. वहीचा आणि सोबत जाण्याचा भाग मात्र तुम्हालाही लागू आहे.

ऑक्टोबर जवळ येतोय. हाफ टर्मची सुट्टी, हॅलोवीन, बॉनफायर नाइट आणि आपली दिवाळी, सगळं आगेमागे येतं. अंडी आणि फटाक्यांच्या तक्रारींचा आमच्याकडे हाच सगळ्यात मोठा हंगाम असतो. पार्टनरशिपचं त्या आठवड्यांचं गस्तीचं नियोजन सप्टेंबरमध्ये होतं. म्हणजे गणेशोत्सवाच्या आवराआवरीत असतानाच तुम्हाला त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. हे पत्र कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावं आणि नेमलेल्या व्यक्तींची नावं सभासदांना त्याच आठवड्यात कळवावीत, ही विनंती. त्या व्यक्तींना वही कशी करून घ्यायची, अर्ज कसा भरायचा, हे शिकवायला मी कुठल्याही मंडळात एका शनिवारी यायला तयार आहे. प्रवासखर्च नको. ज्या घरांना त्रास आहे, त्यांतलं एक तरी घर त्या दिवशी हजर असावं, एवढी माझी अट आहे.

आपली नम्र,
हाउसिंग असोसिएशनमध्ये काम करणारी एक मराठी रहिवासी